संडासाचा खड्डा किती खोल हवा? मीटरभर पुरे!

सेफ्टी टाकी, म्हणजे संडासाची सेप्टिक टाकी, साफ करायला उतरलेले दोघे-तिघे गुदमरून गेल्याची बातमी वर्षातून अनेकदा वाचायला मिळते. पहिला उतरतो आणि ओ देत नाही. त्याला बघायला दुसरा उतरतो, त्याच्यामागे तिसरा. बातमीत टाकीची खोली दिलेली असते, दहा फूट, बारा फूट. पण एका कुटुंबाच्या संडासाला एवढी खोली कशाला लागली, हे कोणी विचारत नाही.

कारण साधं आहे. घर बांधताना मालक गवंड्याला सांगतो, ‘मोठीच घे, एकदाच खर्च होऊ दे, परत बघायला नको.’ खड्डा जितका खोल तितका उशिरा भरणार, असा सरळ हिशोब. हा हिशोब चुकीचा आहे. तो कुठे चुकतो ते कळलं की बाकीचं सगळं आपोआप उलगडतं.

२०१४ ते २०१९ या काळात स्वच्छ भारत अभियानात खेडोपाडी संडास बांधले गेले. पात्र कुटुंबाला १२,००० रुपये प्रोत्साहन मिळत होतं. तेव्हा मोजलं गेलं ते जमिनीवरचं: चार भिंती, दार, भांडं. २०२० पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात लक्ष जमिनीखाली गेलं, आणि एक खड्डा असेल तिथे दुसरा खोदा असं सांगायला सुरुवात झाली. गावात त्यावर पहिला प्रश्न येतो तो हाच, की एक भरला नाही तर दुसरा कशाला?

## खड्ड्यात पडतं काय आणि उरतं काय

मैला म्हणजे बहुतेक पाणीच. ताज्या विष्ठेत सुमारे तीन चतुर्थांश पाणी असतं. त्यात लघवी, धुण्याचं पाणी आणि वरून ओतलेलं पाणी मिळवा. टमरेलाने पाणी ओतायच्या संडासासाठी माणशी रोज साडेनऊ लिटर धरतात. पाच माणसांचे झाले रोज साडेसत्तेचाळीस लिटर.

आता एक मीटर व्यासाचा, एक मीटर खोल गोल खड्डा घ्या. त्यात ७८५ लिटर मावतात. आतून सिमेंटचा गिलावा करून तो पक्का बंद केला तर पाच माणसांचं कुटुंब तो सतरा दिवसांत भरून टाकेल. बरं, मोठी टाकी घेऊ, दहा हजार लिटरची! तीही सात महिन्यांत काठोकाठ भरते. त्यानंतर जेवढं आत जाईल तेवढं बाहेर येणार, आणि ते गटारातच जाणार. म्हणजे ‘दहा वर्षं बघावं लागलं नाही’ अशी जी टाकी असते, ती बहुधा नऊ वर्षांहून जास्त काळ गटारात वाहत असते.

आता याच मापाचा खड्डा झिरपू द्या. भिंतीत भोकं, तळाला नुसती माती. पाणी आजूबाजूच्या जमिनीत मुरतं. जीवाणू घन भाग खातात, त्यातला बराचसा वायू होऊन मातीत जातो. मागे जो गाळ राहतो तो माणशी वर्षाला ४५ लिटरच्या आसपास असतो. पाच जणांचे वर्षाला सव्वादोनशे लिटर. तोच ७८५ लिटरचा खड्डा आता साडेतीन वर्षं चालतो.

सतरा दिवस आणि साडेतीन वर्षं, हा सगळा फरक भिंतीतल्या भोकांचा आहे. खोली तीच आहे. असा पाणी मुरू देणारा खड्डा म्हणजे शोषखड्डा. कुंडीच्या बुडाला भोक नसेल तर रोज थोडंच पाणी घालूनही ती तुडुंब होते, तसंच हे.

## भोकं किती, कुठे, कशी

अर्ध्या विटेची, म्हणजे साडेअकरा सेंटिमीटर जाडीची गोल भिंत रचायची. एक थर सलग, पुढच्या थरात दोन विटांमध्ये साधारण पाच सेंटिमीटरची फट, पुन्हा एक थर सलग. पाइप जिथे आत येतो तिथपासून वर मात्र फट ठेवायची नाही. वरून पावसाचं पाणी आत यायला नको आणि झाकणाला आधारही हवा. तळाला काँक्रीट नको, फरशी नको. रेताड जमिनीत फटी अरुंद ठेवा, बोटभर रुंद पुरेत. नाहीतर वाळू आत घरंगळते. घराचा पाया अगदी जवळ असेल तर त्या बाजूलाही फटी नकोत.

विटांऐवजी सिमेंटच्या रिंगा वापरतात. काम पटकन उरकतं, पण बाजारातल्या पुष्कळ रिंगा बिनभोकाच्या असतात आणि गवंडी सांध्यांत सिमेंट भरून ‘पक्कं काम’ करून देतो. हे काम जितकं पक्कं तितका खड्डा बाद. इतर बांधकामात गळती म्हणजे दोष, इथे न गळणं हा दोष, आणि वर्षानुवर्षं पाण्याच्या टाक्या बांधलेल्या हाताला ते पटवणं सोपं नसतं.

काळ्या मातीचं प्रकरण वेगळं आहे. ओली झाली की ती फुगते आणि पाणी घेईनाशी होते. अशा चिकण जमिनीचा एक चौरस मीटर दिवसाला जेमतेम १० लिटर पाणी पितो. पोयट्याच्या, वाळूमिश्रित जमिनीत हाच आकडा ३० लिटरपर्यंत जातो. आपल्या खड्ड्याचा बाहेरचा घेर धरला तर मातीला भिडणारी बाजू पावणेचार चौरस मीटरहून थोडी जास्त भरते. म्हणजे काळ्या मातीत दिवसाला ३८ लिटर मुरणार आणि घरातून येणार ४७. खड्डा तुंबणारच.

उपाय असा: खड्डा खोदताना प्रत्येक बाजूला तीस सेंटिमीटर जास्त रुंद खोदायचा आणि भिंतीच्या बाहेरून चहूबाजूंनी वाळू, बारीक खडी किंवा विटांचे तुकडे भरायचे. घेर वाढला की पाणी पिणारी मातीही वाढते. ३८ चे ५७ लिटर होतात आणि गणित जुळतं. काळ्या रानातले किती खड्डे या तीस सेंटिमीटरपायी फुकट गेले असतील!

## भांडं, कोंबडा आणि वास

खेड्यात मिळणारं योग्य भांडं तीव्र उताराचं असतं, २५ ते २८ अंशांचं. त्याखालचा वळलेला पाइप, ज्याला गवंडी कोंबडा म्हणतात, त्याच्या वळणात कायम थोडं पाणी साचून राहतं. हे पाणी म्हणजे वॉटर सील. खालचा वास आणि माश्या ते वर येऊ देत नाही. या कोंबड्यात पाणी फक्त २० मिलिमीटर उभं राहतं, म्हणून दीड-दोन लिटर पाण्यात मैला पुढे सरकतो. शहरी भांड्याला उतार कमी आणि सील ५० मिलिमीटरची असते. ते गुळगुळीत आणि छान दिसतं, पण त्याला दरवेळी बादली लागते. पाणी डोक्यावरून आणावं लागतं त्या घरात हे भांडं बसवलं की संडासात सरपण ठेवायची सोय होते, दुसरं काही नाही.

‘गॅसचा पाइप कुठे?’ असं विचारणारे पुष्कळ आहेत. सेफ्टी टाकीला तो पाइप लागतो. शोषखड्ड्याला नको. वायू भोकांतून मातीत शिरतो आणि तिथेच विरतो.

भांड्यापासून खड्ड्यापर्यंतच्या पाइपला मीटरमागे निदान तीन-चार सेंटिमीटर उतार हवा. विटांची नाली करणार असाल तर दुप्पट. या टप्प्यात काटकोनी वळण आलं की तुंबारा तिथेच होणार.

भांडं धुवायला साधा ब्रश आणि पाणी पुरे. ॲसिड किंवा फिनेल नको, कारण खड्ड्यात काम करणारे जीवाणू त्यानेच मरतात. न्हाणीघराचं पाणी खड्ड्यात सोडू नका, त्याला वेगळा शोषखड्डा करा. पॅड, चिंध्या, प्लास्टिक यातलं काहीही कोंबड्यात अडकलं की काढायला फार त्रास होतो.

## दोन खड्डे कशासाठी

साडेतीन वर्षांनी खड्डा भरतो तेव्हा त्याच्या तळाशी साडेतीन वर्षं जुना गाळ असतो आणि वर आज सकाळचा मैला. तो उपसायचा तर ताज्या मैल्यात हात घालावा लागणार. दुसरा खड्डा या एकाच गोष्टीसाठी असतो: पहिला बंद ठेवता यावा.

दोन्ही खड्ड्यांच्या आधी एक छोटं चेंबर असतं. त्यातून दोन वाटा निघतात. एका वेळी एकच वाट उघडी. दुसरीच्या तोंडाशी वीट लावून मातीने लिंपून टाकायची. पहिला खड्डा भरला की वीट त्या तोंडाला लावायची आणि दुसरी वाट मोकळी करायची. एवढंच. दुसरा भरेपर्यंत पहिल्याला तीन वर्षांहून जास्त विश्रांती मिळते. प्रत्यक्षात दीड-दोन वर्षं पुरतात.

इथे चार चुका हमखास होतात. पहिली, दोन्ही वाटा उघड्या ठेवणं. मग दोन्ही खड्डे एकदमच भरतात आणि सात वर्षांनी सगळा प्रश्न पुन्हा दारात उभा राहतो. दुसरी, पहिल्या खड्ड्यातून दुसऱ्यात पाइप काढणं, म्हणजे ‘एक भरला की दुसऱ्यात जाईल’. पहिल्याला विश्रांती कधीच मिळत नाही आणि दुसऱ्यात घाण पाणी चालूच राहतं. तिसरी, जागा वाचवायला खड्डे एकमेकांना चिकटवून बांधणं. चालू खड्ड्याचं पाणी बंद खड्ड्यात पाझरतं आणि तो कधी वाळत नाही. दोघांत निदान खड्ड्याच्या खोलीइतकं, म्हणजे मीटरभर अंतर हवं. ते शक्यच नसेल तर मध्ये न पाझरणारी भिंत घाला. चौथी चूक पैसेवाल्या घरातली: चेंबरवर टाइल्स बसवून अंगण सुंदर करणं. तीन वर्षांनी ते चेंबर कुठे होतं हेही कोणाला आठवत नाही.

## ‘आणि तो उपसायचा कोणी?’

खरा अडसर हा आहे आणि तो फक्त किळसेचा नाही. मैला हाताळणं हे या देशात एका माणसाने दुसऱ्यावर जातीने लादलेलं काम आहे. घरमालक खोल टाकी मागतो तेव्हा त्यामागे ‘मला किंवा माझ्या मुलाला हे बघावं लागू नये’ हे असतंच. मग ते बघणारा कोण, हे ठरलेलं असतं. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी या प्रश्नाशी झुंज घेत कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्याचं खत करणाऱ्या संडासांचे प्रयोग केले. बिहारमध्ये १९७० साली सुलभ संस्था काढणाऱ्या बिंदेश्वर पाठकांनी दोन खड्ड्यांचा संडास देशभर नेला, तोही डोक्यावरून मैला वाहणं थांबावं म्हणून.

दोन वर्षं बंद राहिलेल्या खड्ड्याचं झाकण उघडलं की आत मैला दिसत नाही. दिसते ती काळपट तपकिरी, भुसभुशीत माती, वाळवलेल्या चहाच्या चोथ्यासारखी. वासही पावसाळ्यातल्या मातीचा. अन्न संपलेलं, ओल गेलेली, त्यामुळे हगवण-पटकीचे जंतू कधीच मेलेले असतात. सगळ्यात चिवट असतात जंतांची अंडी, दोन वर्षांचा हिशोब त्यांच्यासाठी आहे. फावडं घेऊन ही माती काढता येते. जुन्या शेतकऱ्यांना ती सोनखत म्हणून माहीत आहे.

२०१७ च्या फेब्रुवारीत केंद्राच्या पेयजल व स्वच्छता मंत्रालयाचे तेव्हाचे सचिव परमेश्वरन अय्यर तेलंगणातल्या गंगादेवीपल्ली गावात अशाच एका खड्ड्यात उतरले आणि त्यांनी स्वतः तो रिकामा केला. लोकांना नुसतं सांगून पटणार नाही, हे त्यांनी ओळखलं होतं.

एक अट मात्र आहे. बंद खड्ड्यात पुराचं किंवा पावसाचं पाणी शिरलं असेल आणि गाळ ओलसर, वास येणारा निघाला, तर झाकण परत लावा आणि आणखी एक उन्हाळा जाऊ द्या.

## ‘खड्डा झिरपला तर विहीर नासेल’

ही शंका योग्यच आहे आणि ती हसण्यावारी नेणारे चूक करतात. माती ही गाळणी आहे. खड्ड्याभोवती पहिल्या काही आठवड्यांत सायीसारखा एक चिकट थर धरतो. जंतू त्यात आणि मातीच्या कणांमध्ये अडकतात, भुकेने मरतात किंवा मातीतले दुसरे जीव त्यांना खातात. पण गाळणी चालायला खड्ड्याच्या तळाखाली कोरडी माती हवी. नियम असा, की भर पावसाळ्यात भूजल जिथवर चढतं तिथून खड्ड्याचा तळ निदान दोन मीटर वर हवा. बारीक मातीत एवढं असेल तर विहीर किंवा हातपंप तीन मीटरवर असला तरी चालतो. भूजल त्याहून जवळ येत असेल तर अंतर निदान दहा मीटर ठेवा.

आता ती दहा-बारा फुटांची खोली आठवा. ऑगस्टमध्ये पुष्कळ ठिकाणी विहिरीचं पाणी जमिनीपासून सहा-सात फुटांवर येतं. बारा फुटांचा खड्डा तेव्हा अर्धा भूजलातच बुडालेला असतो, टी-बॅग कपात सोडावी तसा. मध्ये गाळायला मातीच नाही. ‘खोल म्हणजे सुरक्षित’ हा समज पाण्याच्या बाबतीत नेमका उलटा पडतो. वरच्या मीटर-दीड मीटर मातीत हवा असते, गांडुळं असतात, जीवाणूंची गर्दी असते. जंतूंचा निकाल लागतो तो याच थरात.

महाराष्ट्रात आणखी एक अडचण आहे. दख्खनच्या पठारावर माती पातळ, तिच्याखाली मुरूम आणि मग भेगाळलेला काळा पाषाण. भेग ही गाळणी नसून पाइपच असतो. तिच्यातून पाणी काही तासांत लांब जाऊ शकतं, तिथे दहा मीटरची हमी धरता येत नाही. अशा जागी, आणि भूजल फार वर येतं तिथेही, खड्डा उथळ करून जोत्यासारखा थोडा जमिनीच्या वर उचलायचा, तळ बंद करायचा आणि भिंतीबाहेर पन्नास सेंटिमीटर जाडीचा बारीक वाळूचा वेढा द्यायचा. जमिनीत कमी पडलेली गाळणी आपण विकत आणून बसवतो, असं समजा. जमिनीचा उतार पाहून खड्डा विहिरीच्या खालच्या अंगाला घ्या.

हे सगळं केलं तरी एक गोष्ट गाळली जात नाही: नायट्रेट, म्हणजे मैल्यातल्या नत्रापासून होणारा क्षार. मीठ विरघळावं तसं ते पाण्यात विरघळून जातं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. दाट वस्तीत घराघराला खड्डा आणि घराघराला बोअर असेल तर ते तपासून घ्यावंच लागतं. पण विहिरीत जंतू सापडले की सरळ शेजारच्या संडासावर बोट ठेवण्याआधी हातपंपाचा ओटा बघा. ओट्याला तडा, भोवती डबकं, त्यात गुरांचा वावर असेल तर घाण पाणी दोन मीटर मातीतून न जाता थेट पाइपाच्या कडेने खाली उतरतं.

## मग सेफ्टी टाकी बांधूच नये का?

बांधावी, पण खरी. सेप्टिक टाकीचं ‘सेफ्टी’ आपण केलं. तिच्यात सुरक्षित असं काही नसतं. खऱ्या टाकीला दोन कप्पे असतात, पहिला दुसऱ्याच्या दुप्पट. गाळ खाली बसतो, साय वर येते, मधलं पाणी पुढे जातं. दिवसभर-दोन दिवस थांबून निघालेलं हे पाणी दिसायला बरं असलं तरी जंतूंनी भरलेलं असतं, म्हणून पुढे शोषखड्डा लागतोच. तीन वर्षांच्या आत यंत्राच्या गाडीने गाळ उपसावा लागतो. शोषखड्डा नाही, उपसा नाही आणि पाइप गटारात, अशी टाकी म्हणजे लांबच्या वाटेने केलेली हागणदारीच.

तिच्यात साचणारा हायड्रोजन सल्फाइड वायू फसवा असतो. थोडा असतो तेव्हा सडक्या अंड्यांचा वास येतो. जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास थांबतो. उतरणाऱ्याला वाटतं, हवा मोकळी झाली. तासभर झाकण उघडं ठेवून किंवा मेणबत्ती सोडून पाहणं हा उपाय नव्हे. टाकीतल्या मिथेन या पेट घेणाऱ्या वायूमुळे स्फोट होऊ शकतो. आत कोणी पडलंच तर मागोमाग उतरू नका. ११२ ला फोन करा. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणं गुन्हा आहे. गटारकामात जीव गेल्यास ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं.

## घरी एकच खड्डा असेल तर

तो भरायची वाट पाहू नका. मीटरभर अंतर सोडून त्याच मापाचा दुसरा खोदा, जुन्या पाइपवर चेंबर बांधा, दोन वाटा काढा. जुना खड्डा भोकांचा असेल तर तो भरेपर्यंत तोच चालू ठेवा. जुना बिनभोकाचा निघाला तर नवा चालू करा.

पावसाळ्यात भांड्यातून पाणी मागे येऊ लागलं तर लगेच ‘भरला’ असं समजू नका. भूजल चढलं असेल किंवा कोंबड्यात काही अडकलं असेल. चेंबर उघडून बघा: तिथे पाणी वाहतं आहे आणि भांडं तुंबलं आहे, तर दोष वरच्या पाइपात, चेंबरच तुंबलं असेल तर खड्ड्यात.

आणि नव्या कामाचे शेवटचे पैसे देण्याआधी, खड्ड्यांची झाकणं बसायच्या आत, भांड्यात एक बादली पाणी ओता. एका खड्ड्यात ते पडलं पाहिजे, दुसरा कोरडा राहिला पाहिजे. दोन्हीकडे पडलं तर गवंड्याला जाऊ देऊ नका.